समपृष्ठरज्जू प्राणी ओळखावेत कसे? प्राणिशास्त्राच्या पहिल्या वर्षासाठी पायरीवार मार्गदर्शन

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी स्पॉटिंगच्या, म्हणजे समोर ठेवलेला नमुना ओळखण्याच्या, परीक्षेत माझ्यासमोर जी बरणी आली, तिच्यात उकडलेल्या बटाट्यासारखा एक गोळा फॉर्मॅलिनमध्ये बुडवून ठेवला होता. त्याला डोळे नव्हते, शेपूट नव्हती, पाय नव्हते. वरच्या अंगाला दोन बुटकी तोंडे तेवढी दिसत होती आणि चिठ्ठीवर क्रमांकाखेरीज काहीही लिहिलेले नव्हते. मी ‘स्पंज’ असे लिहून पुढच्या टेबलाकडे सरकले. तो प्राणी हर्डमानिया होता, म्हणजे स्पंजापेक्षा कितीतरी पटींनी तुमच्या-माझ्या जवळचा नातेवाईक. गुण गेले त्याचे फारसे काही वाटले नाही. खंत याची वाटली की समपृष्ठरज्जू प्राण्यांची (कॉर्डेटा संघाची) सारी लक्षणे मला तोंडपाठ होती आणि त्या बरणीपुढे त्यांतले एकही कामाला आले नाही. ती लक्षणे कोणत्या क्रमाने शोधायची आणि प्राण्याच्या कोणत्या वयात शोधायची, हे मला कुणी सांगितले नव्हते. शाळेत मराठी माध्यमातून शिकून महाविद्यालयात आलेल्या विद्यार्थ्यांची इथे हमखास गडबड होते, म्हणून पुढील पायऱ्या त्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत.

लागणारे साहित्य

दहापट मोठे दाखवणारे हातभिंग, एक चिमटा, एक बोथट सुई, उथळ ट्रे किंवा घरातली जुनी ताटली, रबरी हातमोजे, पेन्सिल आणि कोऱ्या पानांची वही एवढे पुरे. संग्रहालयातील बरण्यांची झाकणे उघडू नयेत, कारण फॉर्मॅलिनच्या वाफेने डोळे आणि घसा चुरचुरतात. बरणी उजेडासमोर धरून फिरवली की बहुतेक गोष्टी काचेतूनच दिसतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2011 मध्ये प्राणिशास्त्रातील विच्छेदन टप्प्याटप्प्याने थांबवण्याच्या सूचना काढल्या, त्यामुळे बेडूक किंवा सरडा पकडून आणण्याचा विचारही मनात आणू नका. मासळीबाजार आणि स्वयंपाकघर या दोन प्रयोगशाळा तुम्हाला आयत्या मिळालेल्या आहेत.

1. आधी दोऱ्यांचा गुंता सोडवा

मराठीत या विषयाची पहिली अडचण शब्दांचीच आहे. पृष्ठरज्जू, चेतारज्जू, मेरुरज्जू आणि पृष्ठवंश हे चार शब्द कानाला इतके सारखे लागतात की अर्धी उत्तरपत्रिका त्यांच्या अदलाबदलीत वाया जाते. पृष्ठरज्जू म्हणजे नोटोकॉर्ड. ही शरीराला आधार देणारी, लवचीक, भरीव दांडी असून तिचा संवेदनांशी काहीही संबंध नसतो. चेतारज्जू ही चेतातंतूंची दोरी होय. पृष्ठवंशीय प्राण्यांत याच चेतारज्जूच्या मेंदूमागच्या भागाला मेरुरज्जू म्हणतात. पृष्ठवंश म्हणजे मणक्यांचा बनलेला पाठीचा कणा, जो भ्रूणात पृष्ठरज्जूच्या भोवती तयार होतो आणि पुढे आधाराचे काम स्वतःकडे घेतो.

असमपृष्ठरज्जू आणि अपृष्ठवंशीय ही जोडीही अशीच फसवी आहे. ज्यांना आयुष्यात कधी तरी पृष्ठरज्जू असतो ते समपृष्ठरज्जू, ज्यांना तो कधीच नसतो ते असमपृष्ठरज्जू आणि ज्यांना पाठीचा कणा नसतो ते अपृष्ठवंशीय. हर्डमानिया आणि अ‍ॅम्फिऑक्सस (वाळूत राहणारा, मासळीसारखा दिसणारा छोटा प्राणी) हे अपृष्ठवंशीय असूनही समपृष्ठरज्जू आहेत, हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.

2. खुणा कोणत्या, आणि त्या केव्हा दिसतात

समपृष्ठरज्जू संघातील प्रत्येक प्राण्यात आयुष्याच्या कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर पृष्ठरज्जू, पाठीकडून जाणारा पोकळ चेतारज्जू, ग्रसनीच्या (तोंडामागच्या घशाच्या भागाच्या) भिंतीतील कल्लाविदरे म्हणजे फटी आणि गुदद्वाराच्या मागे वाढलेली शेपूट या चार गोष्टी असतात. ग्रसनीच्या तळाशी असलेली, चिकट स्राव करणारी एंडोस्टाइल नावाची खाच ही पाचवी खूण हल्ली जोडली जाते, आणि ती जोडणे योग्यच आहे, कारण आपल्या गळ्यातील थायरॉइड ग्रंथी हे तिचेच बदललेले रूप आहे. लॅम्प्रे या वामीसारख्या दिसणाऱ्या, बिनजबड्याच्या प्राण्याच्या अळीत ही खाच असते आणि अळीचा प्रौढ होताना तिचीच थायरॉइड ग्रंथी बनते, म्हणजे हा बदल एकाच प्राण्याच्या आयुष्यात पाहायला मिळतो.

‘कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर’ हे शब्द विद्यार्थी गाळतात आणि तिथेच फसतात. प्रौढ माणसात या खुणा शोधायला गेलात तर पोकळ चेतारज्जूखेरीज हाती फारसे काही लागणार नाही. भ्रूणावस्थेत मात्र आपल्याला शेपूट असते आणि ती जिरून गेल्यावर उरतात ते माकडहाडाचे मणके. भ्रूणाच्या ग्रसनीवरील पहिल्या घडीपासून कानाला घशाशी जोडणारी नळी तयार होते. ‘डिस्क सरकली’ असे आपण म्हणतो तेव्हा मणक्यांमधल्या चकतीतून जो मऊ गर बाहेर येतो, तो मुळात पृष्ठरज्जूपासून बनलेला असतो.

3. ताटातल्या बांगड्यावर पडताळा घ्या

हे सारे डोळ्यांनी पाहायचे असेल तर शिजलेला बांगडा घ्या. वरचे मांस काढून काटा मोकळा केलात की शेपटीकडच्या भागात प्रत्येक मणक्याला वर एक आणि खाली एक अशी दोन टोके दिसतात. वरच्या टोकाच्या मुळाशी एक लहान कमान असते. सुईने ती कमान हळूच उचलली की तिच्यातून दोऱ्याच्या जाडीचा पांढरा, मऊ धागा निघतो, तोच मेरुरज्जू. आता दोन मणके एकमेकांपासून मोडून वेगळे करा. मणक्याचे दोन्ही पृष्ठभाग वाटीसारखे खोलगट असतात, त्यामुळे मणका डमरूसारखा दिसतो, आणि दोन वाट्या समोरासमोर येऊन जी पोकळी तयार होते तिच्यात पारदर्शक, जेलीसारखा पदार्थ सापडतो. हा पृष्ठरज्जूचा अवशेष. पोटाच्या बाजूने कण्याला चिकटलेला काळपट लाल पट्टा मात्र चेतारज्जू समजू नका; ते मूत्रपिंड आहे.

त्याच दिवशी कोळंबी घरात असेल तर तीही साफ करताना पाहावी. कोळंबीच्या पाठीतून आपण जो काळा धागा ओढून काढतो तो तिचा चेतारज्जू असल्याचे माझ्या वर्गातील निम्म्या मुलांनी जर्नलमध्ये लिहिले होते. तो धागा म्हणजे तिचे आतडे. कोळंबीचा चेतारज्जू पोटाकडून जातो, भरीव असतो, आणि तिचे हृदय पाठीकडे असते. बांगड्यात हृदय पोटाच्या बाजूला, कल्ल्यांच्या मागे, आणि चेतारज्जू पाठीला. ही उलटी मांडणी एकदा ताटात पाहिली की समपृष्ठरज्जू आणि असमपृष्ठरज्जू यांतील फरक पुन्हा पाठ करावा लागत नाही.

4. नावाने फसवणारे प्राणी बाजूला काढा

तारामासा, जेलीफिश, माकूल आणि कालवे यांचा या संघाशी संबंध नाही, मग ती कोळणीच्या टोपलीत माशांच्या शेजारी का बसलेली असेनात. याउलट देवमासा नावाने मासा असला तरी सस्तन आहे.

बॅलॅनोग्लॉससचे प्रकरण मात्र थोडे नाजूक आहे. चिखलात बीळ करून राहणाऱ्या या मऊ प्राण्याच्या शरीराचे सोंड, गळपट्टी आणि प्रकांड असे तीन भाग असतात. त्याच्या सोंडेत पृष्ठरज्जू असतो म्हणून तो अर्धसमपृष्ठरज्जू, असे आपण शाळेत शिकतो, आणि विल्यम बेटसन या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने 1885 मध्ये या गटाला नाव दिले तेही याच समजुतीने. सोंडेतील तो भाग म्हणजे तोंडाच्या पोकळीतून पुढे आलेली एक पिशवी आहे, खरा पृष्ठरज्जू नव्हे, असे आज मानले जाते. त्यामुळे हा आता स्वतंत्र संघ आहे आणि त्याची सर्वांत जवळची भावकी तारामाशाच्या कुळाशी आहे. त्याला कल्लाविदरे खरोखरीच असतात, म्हणून केवळ कल्लाविदरे पाहून समपृष्ठरज्जू असा निकाल देणे चुकीचे ठरते.

5. कणा नसलेल्या नातेवाइकांना ओळखा

आता माझ्या बटाट्याकडे वळू. हर्डमानिया ज्या गटात मोडतो त्या पुच्छ-समपृष्ठरज्जू (युरोकॉर्डेटा) प्राण्यांचे शरीर चामड्यासारख्या जाड वेष्टनात गुंडाळलेले असते आणि त्या वेष्टनात सेल्युलोज असते, जे आपण एरवी झाडांच्या खात्यात टाकतो. वरची दोन तोंडे म्हणजे पाणी आत घेण्याचे आणि बाहेर सोडण्याचे द्वार. आत शिरलेले पाणी जाळीदार, प्रचंड मोठ्या ग्रसनीतून गाळले जाते आणि त्यातील बारीक कण हेच अन्न. खडकांवर, जेटीच्या खांबांवर, होड्यांच्या बुडाशी हे प्राणी चिकटलेले असतात आणि दाबले तर पाण्याची चिळकांडी मारतात.

हे सगळे कालवांच्या जातीचे वाटावे असेच आहे आणि दीर्घकाळ त्यांची गणना मृदुकाय प्राण्यांतच होत असे. 1866 मध्ये अलेक्झांडर कोवालेव्स्की या रशियन भ्रूणशास्त्रज्ञाने त्यांच्या अळीचा अभ्यास प्रसिद्ध केला तेव्हा चित्र पालटले. ती अळी बेडकाच्या पिल्लासारखी असते, शेपटीत पृष्ठरज्जू असतो आणि त्याच्या वर पोकळ चेतारज्जू. सायोना या प्राण्याच्या अळीतील पृष्ठरज्जू तर मोजून 40 पेशींचा असतो. काही तास किंवा फार तर काही दिवस पोहून झाल्यावर ही अळी डोक्याकडून एखाद्या खडकाला चिकटते, शेपूट आणि तिच्यातील पृष्ठरज्जू जिरवून टाकते आणि उरलेले आयुष्य पाणी गाळत बसते. म्हणजे मी ज्या खुणा बरणीत शोधत होते त्या त्या प्राण्याने लहानपणीच टाकून दिल्या होत्या. आयकोप्ल्यूरा हा त्यांच्यातला अपवाद. तो आयुष्यभर शेपूट राखून असतो.

परीक्षेतील ओळखीसाठी एवढे लक्षात ठेवा: स्पंजाच्या अंगभर बारीक छिद्रे असतात, हर्डमानियाला ठळक अशी दोनच द्वारे असतात आणि प्रत्येकाच्या कडेला चार पाकळ्या असतात. बरणी फिरवून द्वारे मोजायला अर्धे मिनिट लागते.

शीर्ष-समपृष्ठरज्जू गटातील अ‍ॅम्फिऑक्सस ओळखायला सोपा आहे. सुमारे पाच सेंटिमीटर लांबीचा, दोन्ही टोकांना निमुळता, काहीसा पारदर्शक आणि कुशीवर आडव्या व्ही अक्षरासारखे स्नायूंचे पट्टे असलेला हा प्राणी अर्धे अंग वाळूत पुरून राहतो. त्याचा पृष्ठरज्जू थेट तोंडाकडच्या टोकापर्यंत जातो, म्हणून गटाचे नाव शीर्षावरून पडले. त्याला कवटी नाही, जबडा नाही, कप्प्यांचे हृदय नाही आणि रक्तही रंगहीन. 1774 मध्ये पालास या निसर्ग-अभ्यासकाने त्याचे वर्णन केले तेव्हा त्याला गोगलगायीच्या बिनशंखी भावंडांत बसवले होते, हे वाचल्यावर माझ्या ‘स्पंज’ या उत्तराची लाज थोडी कमी झाली.

दिसायला मासळीसारखा असल्याने अ‍ॅम्फिऑक्ससच आपल्याला अधिक जवळचा असणार, असे पूर्वी धरले जाई. 2006 पासून जनुकांच्या तुलनेतून मिळालेले पुरावे मात्र पुच्छ-समपृष्ठरज्जूंच्या बाजूने आहेत. बटाटाच जवळचा निघाला.

6. कवटी आणि जबडा तपासा

पृष्ठवंशीय उपसंघात शिरताना मेंदूभोवती कवटी आणि चेतारज्जूभोवती मणके असावे लागतात. हॅगफिशला कवटी आहे, मणके मात्र नावापुरते, त्यामुळे काही पुस्तकांत या उपसंघाला कवटीवरून नाव दिलेले आढळेल. त्यानंतरचा प्रश्न जबड्याचा. लॅम्प्रे आणि हॅगफिश हे चक्रमुखी प्राणी बिनजबड्याचे असून त्यांना जोडीचे पर (पोहण्याचे अवयव, फिन) नसतात. लॅम्प्रेचे तोंड गोल, चोषकासारखे असते आणि डोळ्यामागे बासरीच्या छिद्रांसारखी सात कल्लाछिद्रे ओळीने दिसतात. बरणीतला लॅम्प्रे पाहून ‘वाम’ लिहिण्याची चूक सर्रास होते; वामीला स्पष्ट जबडे, दात आणि कल्ल्यांमागे परांची जोडी असते.

7. मासळीबाजारात एक सकाळ काढा

पृष्ठवंशीयांच्या सत्तर हजारांहून अधिक ज्ञात प्रजातींपैकी जवळपास निम्मे मासेच आहेत, तेव्हा इथे वेळ घालवणे रास्त आहे. मुशी (छोटा शार्क) आणि बांगडा शेजारी ठेवून पाहा. मुशीच्या कल्ल्यांवर झाकण नसते आणि डोक्याच्या बाजूला पाच उघड्या फटी दिसतात. तिच्या अंगावरून शेपटीकडून डोक्याकडे बोट फिरवले तर पॉलिशपेपरवर घासल्यासारखे खरखरते, कारण तिचे खवले दातांच्या घडणीचे असतात. सांगाडा कूर्चेचा, आणि शेपटीचा वरचा भाग खालच्यापेक्षा लांब. पाखटाच्या (चपट्या अंगाच्या, शार्कच्याच गटातील माशाच्या) फटी शोधण्यासाठी त्याला पालथे करावे लागते, कारण त्या पोटाकडे असतात. पाठीवर डोळ्यामागे दिसणारे छिद्र हे श्वसनाचे पाणी आत घेण्यासाठी असते, ते मोजणीत धरू नये.

बांगड्याच्या कल्ल्यांवर हाडाचे झाकण असते; मासळी ताजी आहे का हे पाहताना आपण तेच उचलतो. पापलेट घेतलेत तर दोन ठिकाणी गोंधळ होईल. एक तर त्याच्या कल्ल्याचे तोंड आकसून एका उभ्या फटीएवढे झालेले असते, आणि दुसरे म्हणजे माशाला परांच्या दोन जोड्या असतात हा नियम लावून पाहिला तर पोटाकडची जोडी सापडत नाही, कारण पापलेटला ती नसतेच. लेप या चपट्या माशाचे दोन्ही डोळे एकाच अंगाला असतात, पण पिल्लू असताना ते दोन बाजूंना असतात. नवख्याने पहिल्या दिवशी बांगड्यावर थांबावे, हे बरे.

8. ‘उभयचर’ हा शब्द जपून वापरा

जमीन आणि पाणी दोन्हीकडे राहतो तो उभयचर, अशी व्याख्या डोक्यात बसली की कासव, मगर आणि खेकडाही उभयचर होतात. राहण्याच्या जागेवरून वर्ग ठरत नाही. खाडीच्या चिखलावर उड्या मारणारी निवटी मासाच असते. उभयचराची त्वचा ओलसर आणि बिनखवल्यांची असते, तिच्यातून श्वसन होते, हृदय तीन कप्प्यांचे असते आणि अंड्यातल्या गर्भाभोवती उल्ब नावाचे पाण्याचे वेष्टन नसते. सरीसृप, पक्षी आणि सस्तन या तिन्हींच्या गर्भाला उल्ब असते, म्हणून अंडी घालायला समुद्रातले कासवही वाळूवर येते.

इथे मराठीने आपल्यासाठी एक सुंदर सापळा रचून ठेवला आहे. गांडूळ, देवगांडूळ आणि मांडूळ ही नावे एका घरातली वाटतात. यांतील गांडूळ हा वलयी कृमी, देवगांडूळ हा बिनपायांचा उभयचर आणि मांडूळ हा साप, म्हणजे सरीसृप. देवगांडुळाच्या अंगावर वळ्या असल्या तरी भिंगाखाली जबडा, दात आणि नाकपुडी व डोळा यांच्यामध्ये एक छोटी संवेदी शुंडिका (स्पर्शक) दिसते. सह्याद्रीत हे प्राणी पावसाळ्यात आढळतात. आंबोलीतून मिळालेल्या त्यांच्या एका प्रजातीचे वर्णन 2003 मध्ये प्रसिद्ध झाले. वाळा नावाचा छोटा आंधळा सापही गांडुळासारखाच दिसतो, पण त्याच्या अंगावर गुळगुळीत खवले असतात.

पक्ष्यांबाबत कुणी चुकत नाही: पिसे दिसली की काम झाले. सस्तनांत केस आणि दुग्धग्रंथी पाहाव्यात. खवल्या मांजराचे अंग खवल्यांनी झाकलेले असले तरी पोटाकडे केस असतात आणि मादी पिल्लाला दूध पाजते. समुद्रात पोहणारा प्राणी दुरून ओळखायचा असेल तर शेपूट पाहा. मासा ती डावी-उजवीकडे हलवतो, डॉल्फिन वर-खाली.

9. उत्तर लिहिताना

हृदयाच्या कप्प्यांवरून वर्ग ठरवताना माशांत दोन, उभयचरांत तीन, सरीसृपांत अपुऱ्या पडद्यासह तीन आणि पक्षी व सस्तनांत चार, असे लिहावे आणि मगरीचे चार कप्पे वेगळे नोंदवावेत. नव्या वर्गीकरणात मगर ही पालीपेक्षा पक्ष्यांना जवळची ठरते, आणि फुप्फुसमासा बांगड्यापेक्षा आपल्याला. त्यामुळे ‘मत्स्य’ आणि ‘सरीसृप’ हे वर्ग नात्याने बंदिस्त राहिलेले नाहीत, म्हणजे एका पूर्वजाचे सगळे वंशज त्यांत येत नाहीत. परीक्षेत आपल्या अभ्यासक्रमातील जुनी मांडणी लिहावी आणि एका ओळीत ही नवी बाजू नोंदवावी. दोन्हींची सरमिसळ करून तिसरीच मांडणी तयार करू नये.

प्रत्येक नमुन्यासाठी आधी संघ, मग उपसंघ, मग वर्ग असे उतरत जावे आणि प्रत्येक पातळीसमोर त्या नमुन्यात प्रत्यक्ष दिसलेले एक लक्षण लिहावे. प्रजाती ओळखता आली नाही तर जिथपर्यंत पोहोचलात तिथे थांबा आणि कारण लिहा. पुढे मला एका परीक्षेत पुन्हा एक दोन तोंडांचा गोळा मिळाला, तो हर्डमानिया नव्हता आणि त्याचे नाव मला आजही आठवत नाही. मी ‘संघ समपृष्ठरज्जू, उपसंघ पुच्छ-समपृष्ठरज्जू, चामड्यासारखे वेष्टन, दोन द्वारे’ एवढेच लिहिले आणि पाचपैकी चार गुण मिळाले.